लखमा प्रधानानं तीनदा विचारलं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मला सांगणाऱ्या म्हातारीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की ती चिडायची. तेव्हा जयखिंडीला राजा होता, राजाला गड होता, आणि गडाच्या मागं, दिवस मावळतो त्या अंगाला, सात पाडे होते. आज एसटी वळणावर आली की तुम्ही मान वर करून बघता, तर नुसता उघडा डोंगर दिसतो ना? तिथं तेव्हा साग होता, ऐन होता, मोह होता. रान इतकं दाट की भर दुपारी त्यात शिरलेली म्हैस दिसायची नाही, तिच्या गळ्यातली लाकडी घंटा तेवढी ऐकू यायची. असं म्हणतात.

रानाच्या माथ्यावर एक कडा होता, त्याचं नाव ओकडा. त्याला हाक मारली की तो ओ द्यायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, सगळेच कडे देतात. नाही हो! बाकीचे कडे तुमचीच हाक तुम्हाला परत करतात. हा खरोखरीचा ‘ओ’ म्हणायचा. रानात कुणाची चुकामूक झाली, गाय हरवली, माणूस परतलं नाही, की कड्याखाली उभं राहून नाव घ्यायचं. ते जिथं असेल त्या बाजूनं ओ यायची. नाव घेतलं आणि ओ आली नाही, असं सात पाड्यांत कधी झालं नव्हतं.

आणि त्या माणसांची एक रीत होती. ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पाड्यांचं काही ठरवायचं असलं की सगळे मोठ्या मोहाखाली जमायचे. बाया, बापे, म्हातारे, सगळे. येताना प्रत्येकानं पळसाचं एक पान आणायचं. नाईक मधोमध जमिनीवर बसायचा आणि गोष्ट सांगून विचारायचा. ज्याला पटलं त्यानं उठून आपलं पान नाइकापुढं ठेवायचं. ज्याला पटलं नाही त्यानं पान मुठीत धरून गप्प बसायचं. नाईक तीनदा विचारी. तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही, की तो धोतराची धूळ झटकून उभा राही. धूळ झटकली की ती गोष्ट मेली, पुन्हा कुणी काढायची नाही. तोंडानं ‘नाही’ कुणी म्हणत नसे. तो शब्द फक्त वाघाला आणि मरणाला म्हणायचा, समोरच्या माणसाला तो म्हणणं म्हणजे त्याला घरातून हाकलण्यासारखं. आता तुम्ही हसाल. पण त्या रीतीनं सात पाडे नांदले होते, आणि तुमच्या-आमच्यासारखी रोज भांडणं काही होत नव्हती.

या पाड्यांचा नाईक होता लखमा. उंच, काटक, बोलायला कमी. त्याची बायको पवळी. तीही बोलायला कमीच. दोघं दिवसभर एका शेतात राबायची आणि एकमेकांशी चार शब्द बोलायची, पण त्यांचं कधी अडलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या कसा ठेवला यावरून त्याला कळायचं, तिचं काय बिनसलंय.

त्या काळी राजाची वेठ असायची. राजा शिकारीला निघाला की पाड्यांनी हातातलं काम टाकून पालख्या वाहायच्या, रान उठवायचं, सामान ओढायचं. आणि राजाला शिकारीची हुक्की यायची ती नेमकी भाताच्या आवणीच्या तोंडावर. इकडं रोपं पिवळी पडायची. एका वर्षी लखमानं सातही पाडे उठवले आणि गडाच्या पायऱ्यांवर नेऊन बसवले. कुणी काही मागितलं नाही. कुणी ओरडलं नाही. मुठीत पळसाचं पान धरून नुसते बसले.

पहिल्या दिवशी गडावरच्या लोकांना वाटलं, जेवणाच्या आशेनं आलेत. त्यांनी पेज पाठवली. ती कुणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दटावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चौघड्यावर टिपरी पडली आणि आवाजच निघेना. देवळातली घंटा हलवली, ती हलली पण वाजली नाही. गडावरचे कावळे चोची उघडत होते आणि मिटत होते. सात पाड्यांचं गप्प बसणं असं गडावर चढलं होतं, असं म्हणतात.

शेवटी म्हातारा राजा आपण होऊन पायऱ्या उतरून खाली आला. त्याला लहानपणी पाजलं होतं ते पाड्यांवरच्याच एका बाईनं, त्यामुळं त्याला ही भाषा कळत होती. त्यानं सगळ्यांच्या मुठीतली पानं बघितली आणि तिथल्या तिथं वेठ बंद केली. मग लखमाला म्हणाला, “माझ्या दरबारात बोलणारे पुष्कळ आहेत. गप्प बसणाऱ्याचं ऐकणारा एक नाही. तू माझा प्रधान हो.”

लखमानं मोहाखाली येऊन पाड्यांना विचारलं. पहिल्याच विचारण्याला पानांचा ढीग पडला. पवळीनं आपलं पान सगळ्यात शेवटी ठेवलं. नाईक परगावी असला तर त्याची चूल विझू द्यायची नाही, अशी तिकडची पद्धत. म्हणून लखमा गडावर गेला आणि पवळी चुलीपाशी राहिली.

अशी डोंगरातल्या माणसाला राजाची प्रधानकी मिळाली. आणि त्यानं ती केली बरं का! कोयत्यावर कराची पट्टी होती, ती काढली. बाजारात हिरडा विकायला गेलं की व्यापाऱ्याचं माप फुगलेलं असायचं, ती मापं गडावर आणून भर चौकात फोडली. पाड्यांवरून कुणीही यावं, प्रधानाच्या दारात बसावं. बसल्यावर काही सांगायचीही गरज पडत नसे. लखमा त्याच्या तोंडाकडं बघायचा आणि काम करून द्यायचा. लोक म्हणायचे, राजा गडावर आहे पण कान आपला आहे.

पहिल्या वर्षी होळीला घरी आला तेव्हा तो पवळीला हसत हसत सांगत होता, “तिथलं सगळं उलटंच गं. कारभारी कागद वाचतो आणि विचारतो, कुणाची हरकत? सगळे गप्प बसले की म्हणतो, सगळ्यांचा होकार. गप्प बसलं की हो!” पवळीला इतकं हसू आलं की तिनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्या वर्षीही त्यानं ते सांगितलं, पण तेवढं हसला नाही. सहाव्या-सातव्या वर्षापासून ते सांगणंच बंद झालं. आधी तो दरबारात जमिनीवर बसायचा, मग घोंगडीवर, मग त्याला खुर्ची आली. खुर्ची त्यानं मागितली नव्हती, हे खरं आहे. पण माणूस वर्षानुवर्षं खुर्चीवर बसला की त्याला जमिनीवर बसताना गुडघा दुखतो.

आणि घरी आला की तो आता बोलायचा. फार बोलायचा. पवळी तांब्या कसाही ठेवो, तो पाणी पिऊन पुढचं सांगत राही. तिला ते टोचायचं. पण केवढा पसारा सांभाळतोय माणूस, असं म्हणून ती मनाची समजूत घालायची.

मग म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. त्याला नवा वाडा हवा होता, दूरच्या साहेबांना आगगाडीच्या रुळांखाली घालायला साग हवा होता, आणि साग होता सात पाड्यांच्या रानात. आता इथं काही लोक सांगतात की लखमानं लाच खाल्ली. सांगणाऱ्याची जीभ झडो! त्यानं कधी पानाचा विडाही फुकट घेतला नाही. तो भर दरबारात नव्या राजाला म्हणाला की माझ्या माणसांना विचारल्याशिवाय मी शिक्का उठवणार नाही. राजा म्हणाला, विचारा की. तुमचीच माणसं आहेत.

लखमा घोड्यावरून आला. बरोबर कारकून होते, शिपाई होते. मोहापर्यंत घोडी चढेनात, म्हणून डोंगराच्या पायथ्याला माळावर जाजम घातलं आणि त्यावर खुर्ची ठेवली. सातही पाडे खाली उतरून आले. प्रत्येकाच्या हातात पळसाचं पान. पवळी बायांमध्ये पुढं बसली होती. ऊन चांगलं तापलं होतं आणि माळावर वारा सुटला होता.

लखमानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रान दरबारात जमा होईल, साग तुटेल, पाडे खाली सडकेजवळ वसतील, बदल्यात जमिनी मिळतील. मग त्यानं विचारलं, “कुणाची हरकत आहे?”

कुणी हललं नाही.

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. पाखरंही गप्प झाली, असं म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चौघड्याच्या दिवशी होती तसली शांतता माळावर पसरली. शिपायाच्या घोड्यानं पाय आपटला, त्याचाही आवाज आला नाही. शेकडो माणसं मुठी आवळून बसली होती, आणि त्यांच्या नाइकापुढं जाजमावर एक पान नव्हतं. एवढं मोठं ‘नाही’ त्या डोंगरानं कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

लखमा हसला. उठला. वाऱ्यानं त्याचं धोतर धुळीनं भरलं होतं, ते त्यानं झटकलं.

झालं! लोकांना वाटलं, गोष्ट मेली. आपल्या नाइकानं तीनदा विचारलं, आपण पान ठेवलं नाही, त्यानं धूळ झटकली. लोक आनंदानं वर गेले. त्या दुपारी सातही पाड्यांवर गोडाचं शिजलं, ढोल वाजले. आपला माणूस प्रधान असला म्हणजे कसं असतं बघा, असं म्हातारे म्हणाले. मला या गोष्टीतलं हेच सहन होत नाही. ती माणसं त्या दिवशी नाचली.

एक पवळी तेवढी नाचली नाही. तिनं त्याचं हसणं पाहिलं होतं. डोंगरानं नाकारलं तर नाईक हसत नाही, खाली मान घालून उठतो. तो निघण्याआधी घटकाभर घरी टेकला तेव्हा तिनं तांब्या त्याच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. पूर्वी एवढं पुरलं असतं. त्यानं तांब्या उचलला, पाणी प्याला आणि पुढची कामं सांगू लागला. मग तिनं धीर केला.

“कळलं ना तुला?” तिनं विचारलं.

“कळलं की,” लखमा म्हणाला. “डोंगरानं माझा मान राखला.”

तिच्या ओठांवर शब्द आला होता. नाही, असं एवढंच म्हणायचं होतं. पण तो शब्द वाघाला आणि मरणाला म्हणायचा. नवऱ्याला कसा म्हणायचा? तिनं तो गिळला. आणि त्याला कळत नाही असं होईल का, असंही तिला वाटलं. सगळा डोंगर ज्याच्या कानावर विसंबला होता, त्याच्या बायकोनं त्यावर शंका घ्यायची? तो माळावर उतरला आणि घोड्यावर बसून गेला.

दिवाळीनंतर कुऱ्हाडी आल्या. एका जागी नाही, सात जागी, शेकड्यांनी. पहिला साग कोसळला तेव्हा ओकड्यानं ओ दिली. दुसरा पडला, पुन्हा ओ. झाड पडायचं आणि कडा ओ द्यायचा. असं दिवसेंदिवस चाललं. बायांनी कानात बोटं घातली, ढोरांनी चारा सोडला. मग कड्याखालचा शेवटचा साग पडला, आणि त्याला ओ आली नाही. असं म्हणतात.

तोड चालू असतानाच लोकांनी तोडणाऱ्यांना आडवं जाऊन विचारलं तर त्यांनी कागद दाखवला. त्यावर लखमाचा शिक्का होता. तीनदा विचारलं होतं, कुणी हरकत घेतली नाही, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा पाड्यांमधला सगळ्यात म्हातारा, बुधा त्याचं नाव, त्यानं घरोघर फिरून एक गाठोडं बांधलं आणि गडाची वाट धरली.

दरबार भरला होता. लखमा खुर्चीवर होता. बुधा सरळ त्याच्यापुढं गेला, जमिनीवर बसला आणि त्यानं गाठोडं सोडलं. आत पळसाची वाळलेली पानं होती. प्रत्येक पान चुरगळलेलं, प्रत्येकावर मुठीच्या वळ्या. लखमा बघत राहिला. कारभारी हसले, त्यांना वाटलं म्हातारा पत्रावळीची पानं विकायला आला. लखमाचं तोंड मात्र राखेसारखं झालं.

“किती आहेत?” त्यानं विचारलं.

“सगळी,” बुधा म्हणाला.

लखमा खुर्चीवरून खाली आला आणि त्या पानांपुढं बसला. बारा वर्षांपूर्वीचा कान त्याला त्या घटकेला परत मिळाला. माळावरची ती शांतता त्याला आता ऐकू आली, आणि ती ऐकून तो गुरासारखा ओरडला, असं म्हणतात. त्यानं राजाचे पाय धरले. राजा म्हणाला, विचारायला तुम्हीच गेला होतात. आता कागद साहेबांकडं गेला. मग लखमानं पागोटं काढून खुर्चीवर ठेवलं आणि तो चालत निघाला. घोडं त्यानं घेतलं नाही.

तो पाड्यांवर पोचला तेव्हा सकाळची उन्हं वर आली होती. नुसते बुंधे उरले होते. ज्या वाटेवर पूर्वी सावली सुटत नसे तिथं डोकं भाजत होतं. लोकांनी त्याला पाहिलं आणि माना फिरवल्या. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. त्यापेक्षा दगड परवडला असता. तो सगळ्यांच्या मधून खालमानेनं चालत आपल्या दारात येऊन उभा राहिला.

पवळी चुलीपाशी होती. बारा वर्षं तिनं ती विझू दिली नव्हती. तिनं वर पाहिलं. अनवाणी, बोडका, म्हातारा झालेला आपला माणूस तिला दिसला. तिला त्याचा राग होता का? होता, कसा नसेल! पण त्याहून मोठा राग तिला स्वतःचाच होता. त्या दिवशी एक शब्द बोलले असते तर रान राहिलं असतं, हे तिला दिवाळीपासून खात होतं. त्याला बघताच तिचा गळा असा दाटून आला की आवाजाला वाटच राहिली नाही.

लखमा उंबऱ्याबाहेरच थांबला. “आत येऊ?” त्यानं विचारलं.

ये, म्हणायचं होतं तिला. ओठ हलले. आवाज निघाला नाही.

“आत येऊ?”

तिनं जमिनीला हात टेकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दाराकडून उजेड येत होता आणि ती अंधारात होती. त्याला ते दिसलं नाही.

तिसऱ्यांदा विचारताना लखमाचा आवाज अगदी हलका झाला होता. तो थांबला. त्यानं वाट पाहिली. आता त्याचा कान डोंगराचा झाला होता, आणि डोंगरात गप्प बसण्याचा अर्थ एकच. त्यानं खाली मान घातली, धोतराची धूळ झटकली आणि तो वळला.

पवळीचा गळा मोकळा झाला तेव्हा तो पाड्याबाहेर गेला होता. ती धावली. बुंध्यांच्या ठेचा खात, पडत उठत ओकड्याखाली पोचली. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तिनं जन्मात घेतलं नव्हतं. तिथं उभं राहून तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली, “लखमा, ये!” आणि ओ कुठल्या बाजूनं येते ते ऐकायला श्वास धरला. ओ आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. कडा मुका झाला होता.

लखमा पुन्हा कुणाला दिसला नाही. कुणी म्हणतात, तो कड्यावरून खाली गेला. कुणी म्हणतात, कड्याच्या पोटाशी तो बसला आणि त्याचा दगड झाला. गुडघे जवळ घेऊन खालमानेनं बसल्यासारखा एक दगड तिथं आहे, तुम्हीही पाहिला असेल. मला विचाराल तर मला त्यातलं काही ठाऊक नाही. दगड आहे, एवढं खरं.

पवळी पुढं पुष्कळ वर्षं जगली. पाडे खाली सडकेला आले, ठरल्या जमिनी काही मिळाल्या नाहीत, मिळाला तो खडकाळ माळ. आणि मुखदुर्बळ पवळी दिवसभर बोलू लागली. दारात कुणीही येवो, माणूस, कुत्रं, वाऱ्याची झुळूक, ती आतून ओरडायची, “लखमा, ये!” लोक म्हणाले, बाई वेडी झाली. मरताना तिनं गावच्या बायांकडून एकच कबूल करून घेतलं. दाराशी आलेल्याला तिसऱ्यांदा विचारायची पाळी आणायची नाही.

म्हणून आजही सात पाड्यांत तुम्ही कुणाच्या दारात उभे राहा. तुमचं नाव काही असो, आतून आधी आवाज येईल, “लखमा, ये!” मग बाकीची विचारपूस. घरात मयत झालेलं असलं, रडून गळे बसलेले असले तरी कुणीतरी ते म्हणतंच. मोहाखालची सभा मात्र आता भरत नाही. मोहच नाही, आणि सात पाड्यांना काही विचारायला कुणी येतही नाही.

दिवाळीनंतर, कुऱ्हाडी आल्या त्या दिवशी, साऱ्या बाया उघड्या डोंगरावर चढून त्या दगडापाशी जातात. सगळ्यात म्हातारी पुढं होते आणि तीनदा हाक मारते. मग सगळ्या श्वास धरून उभ्या राहतात. लहान पोरी एकमेकींचे हात धरतात, कारण या वर्षी येईल असं त्यांना दर वर्षी वाटतं. बऱ्याच वेळानं म्हातारी लुगड्याची धूळ झटकते आणि त्या उतरायला लागतात. एवढ्या वर्षांत ओ आलेली नाही.